चार वाजेपर्यंतची खोली

महाडजवळ हायवेला लागून, एमआयडीसीच्या फाट्याच्या थोडं अलीकडे आमचं हॉटेल आहे. तिथलं फ्रंट ऑफिस मी सांभाळते. पाहुणा दारातून आत येतो तिथपासून बिल भरून बाहेर पडेपर्यंत त्याच्याशी जे काही बोललं जातं, ते सगळं माझ्या खात्यात. संपादकांनी सांगितलं, हॉटेलातल्या गमती लिहा. गमती भरपूर आहेत. पण सध्या मी दमले आहे, आणि दमलेल्या माणसाला ज्या गमती आठवतात त्यात गंमत थोडी कमीच असते. म्हणून एकाच विषयावर लिहिते: हॉटेलात कोणाला काय जास्त मिळतं, आणि ते का मिळतं.

पूर्वी आमचं साधं लॉजिंग-बोर्डिंग होतं. जो आधी आला त्याला चांगली खोली, आणि जो दोनदा आला त्याला मालक स्वतः चहा पाजायचे. योजना म्हणाल तर एवढीच. मग मालकांनी एका मोठ्या साखळीशी करार केला. दारावरचा बोर्ड बदलला, फुलाफुलांच्या चादरी जाऊन पांढऱ्या आल्या, आम्हाला कोट आले आणि सदस्यत्व आलं.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. साखळीच्या कुठल्याही हॉटेलात राहिलात की मुक्कामाच्या तेवढ्या रात्री तुमच्या नावावर जमा होतात, आणि सोबत पॉइंट्स, ज्यांवर पुढे कुठेतरी फुकट राहता येतं. रात्री बऱ्याच जमल्या की तुम्ही सिल्व्हर, मग गोल्ड आणि शेवटी प्लॅटिनम. प्लॅटिनमला नाश्ता फुकट, तोही सोबत आणलेल्या एका माणसासकट. खोली शिल्लक असेल तर वरच्या दर्जाची. आणि इतरांनी दुपारी बाराला खोली सोडायची तिथे प्लॅटिनमने चार वाजता सोडली तरी चालते. गोल्डला यातलं थोडं थोडं, 'उपलब्धतेनुसार'. आमच्या धंद्यातला हा सर्वांत लबाड शब्द आहे. तो मी रोज वापरते.

आता महाडात प्लॅटिनम कोण? एमआयडीसीतल्या कारखान्यांत येणारे इंजिनिअर, औषध कंपन्यांचे तपासनीस, यंत्रं बसवणारे. त्यांच्या खोलीचं भाडं कंपनी भरते. रात्री जमा होतात माणसाच्या नावावर. आणि त्यातून मिळणाऱ्या सवलतींचा भार येतो आमच्यावर. आमच्यावर म्हणजे मालकांवर असं कागदावर आहे. प्रत्यक्षात तो हाउसकीपिंगच्या बायकांवर येतो. खोली चारनंतर हातात आली की ती आवरायची कधी? पुढचा पाहुणा लॉबीत बसलेला असतो आणि बायकांना घरी नेणारी पोलादपूरकडची एसटी कुणासाठी थांबत नाही.

आमच्या हाउसकीपिंगच्या मुख्य सुमनताई. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतून रोज येतात. योजना सुरू झाली तेव्हा साखळीचा एक तरुण साहेब प्रशिक्षण द्यायला आला होता. तो पडद्यावर चित्रं दाखवत 'रेकग्निशन', 'एन्टायटलमेंट' असं बराच वेळ बोलला. बायका माना डोलवत होत्या. शेवटी सुमनताईंनी मला हळूच विचारलं, "म्हंजे मान ना ओ मॅडम? शिमग्यात पालखी पयली मानकऱ्याच्या दारात जाते, तसं?"

"तसंच," मी म्हटलं.

सगळ्यांना एका क्षणात कळलं. त्या दिवसापासून आमच्याकडे प्लॅटिनम पाहुण्याला 'मानाचा' म्हणतात. "दोनशे चार मानाचा आहे, फळं ठेव गो." साहेबाचं दिवसभराचं काम सुमनताईंनी एका शब्दात केलं याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. त्या शब्दाने पुढे काय केलं ते सांगायचंय. त्याआधी दोन-तीन मानकरी.

एक गोल्ड साहेब अपग्रेडसाठी भांडायचे. आमच्या सगळ्या खोल्या एकाच मापाच्या. वरच्या दर्जाची आणायची कुठून? साखळीने सांगितलं, दर्जा तयार करा. मग कोपऱ्याच्या चार खोल्यांना आम्ही 'रिव्हर व्ह्यू' असं नाव दिलं. खिडकीतून एका पत्र्याच्या शेडच्या पलीकडे सावित्री दिसते. मान थोडी डावीकडे करावी लागते. त्या खोल्यांत चहाची किटली ठेवली आणि बिस्किटाचा एक पुडा जास्त. साहेब खूश झाले. त्यांना नदी नको होती. शेजारच्याला नाही ते आपल्याला आहे, एवढं हवं होतं.

दुसरे एक आठवड्यातून एकदा येत, चेक-इन करत आणि थोड्या वेळाने निघून जात. सकाळी येऊन बिल घेत. सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, ह्यो साहेब झोपत नाय. नुसता अंथरूण विस्कटून जातो. उशीवर केस नाय, मोरीत पाणी नाय." चौकशी केल्यावर कळलं की त्यांचं घर महाडातच आहे. प्लॅटिनमला थोड्या रात्री कमी पडत होत्या. स्वतःच्या बायकोच्या हातचं जेवून, स्वतःच्या पलंगावर झोपून ते आमच्याकडे रात्री जमवत होते. नियमात कुठेच चुकत नव्हते.

आणि मे महिन्यात लग्नाला आलेलं एक मुंबईकर कुटुंब. गाव पोलादपूर तालुक्यात, घर लहान, पाहुणे फार, म्हणून वडीलधाऱ्यांना आमच्याकडे ठेवलं. फोनवरून बुकिंग केलं होतं. कोणाकडे कार्ड नाही, नंबर नाही. त्यांना मिळाल्या मागच्या बाजूच्या, जनरेटरलगतच्या खोल्या, कारण पुढच्या खोल्या मानकऱ्यांसाठी राखून ठेवायच्या होत्या. सकाळी त्यातल्या एक मावशी काउंटरवर आल्या.

"बाय, पुढच्या खोल्यांत कोण हाय?"

"कंपनीचे साहेब आहेत, मावशी."

"त्यांचं भाडं कोण भरतो?"

"कंपनी."

"नि आमचं आम्ही भरलं. म्हणून मागची खोली होय?"

मी त्यांना बिस्किटाचा पुडा दिला. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि गेल्या.

आता मुख्य गोष्ट.

सुभाष कळंबे हे आमचे सर्वांत जुने प्लॅटिनम. मुंबईच्या एका कंपनीत बॉयलर बसवण्याचं काम करतात आणि त्यासाठी देशभर फिरतात. एमआयडीसीत काम निघालं की आठवडा आठवडा आमच्याकडे मुक्काम. त्यांचं गाव उमरठच्याही पुढे, वर डोंगरात. गाडीने गेलं तर दीड तास. 'घर जवळ आणि मुक्काम हॉटेलात' अशी आमच्यात कुजबुज असायची. पण माणूस सभ्य. सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारा, गणपतीत आठवणीने पेढे आणणारा.

गावातल्या घरी त्यांचे वडील एकटे असतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. चुलतभावाशी बांधावरून दावा चालू आहे, त्याच्या तारखांना ते महाडच्या कोर्टात येतात. सकाळच्या गाडीने यायचं, पुकारा व्हायची वाट बघायची, पुढची तारीख घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मधला सगळा वेळ कोर्टाच्या पायरीवर. गुडघे गेलेले. मुलगा मुक्कामाला असला की तात्या नाश्त्याला आमच्याकडे येत. पहिल्यांदा आले तेव्हा वेटरला विचारलं, "ही इडली फुकट की पोराच्या नावावर?"

"नावावर, तात्या."

"मग आणखी दोन आण."

काउंटरवर तेव्हा स्नेहल असायची. वय चोवीस-पंचवीस, गाव तात्यांच्या गावापासून एक खिंड ओलांडून. बिरवाडीत खोली घेऊन धाकट्या बहिणीबरोबर राहते. बहीण नर्सिंग शिकते आणि घर स्नेहलच्या पगारावर चालतं. नोकरी कंत्राटी, दरवर्षी कंत्राट वाढवायचं. मी आजवर शिकवलेल्या मुलींत ही सर्वांत हुशार. पाहुण्याने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते तिला कळायचं. हा गुण शिकवून येत नाही. त्यानेच ती अडचणीत आली.

त्या दिवशी एमआयडीसीत एका मोठ्या कारखान्याचं शटडाऊन होतं. वर्षातून एकदा यंत्रं बंद करून दुरुस्ती करतात, तेव्हा बाहेरून इतके लोक येतात की महाड ते बिरवाडी एकही खोली रिकामी राहत नाही. कळंबे साहेब सकाळी लवकरच सामान घेऊन गुजरातला निघाले. जाताना घाईत एवढंच म्हणाले, "बिल मेलवर पाठवा." दुपार व्हायच्या सुमारास तात्या आले. त्या दिवशी त्यांची तारीख होती आणि मुलगा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ऊन कडक होतं. पुकारा लवकर होऊन पुढची तारीखही मिळाली होती, पण गाडी संध्याकाळीच. ते काउंटरला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, जरा बसू काय गो इथं?"

स्नेहलने त्यांना बसवलं नाही. वर नेलं, मुलाच्या खोलीत. पंखा लावून दिला आणि सांगितलं, "तात्या, चार वाजेपर्यंत पडा बिनघोर." संगणकावर खोली भरलेलीच दाखवत होती, कारण प्लॅटिनमचं चेक-आउट चारचं.

त्यानंतर थोड्याच वेळात गोव्याकडून एक गोल्ड मेंबर आले. बायको आणि लहान मुलगी सोबत. घाटात मुलीला उलट्या झाल्या होत्या आणि अंगात ताप होता. त्यांनी लवकर चेक-इन मिळावं अशी विनंती आधीच नोंदवली होती. स्नेहलने सांगितलं, "सॉरी सर, एकही खोली मोकळी नाही." हे खरंच होतं. तिने मुलीसाठी लिंबूपाणी आणलं, सोफ्यावर उशी आणून दिली. माणूस तक्रार न करता बसून राहिला. मुलगी झोपली.

दुपार कलल्यावर लिफ्ट उघडली. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, काखेत छत्री, हातात कापडी पिशवी, असे तात्या बाहेर आले. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात. अख्ख्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झकास झोप झाली बघ! गादी काय मऊ गो तुमची! येतो." आणि काउंटरवर चावीचं कार्ड ठेवून गेले.

गोल्ड साहेब सोफ्यावरून उठले. आवाज चढवला नाही. "हे गृहस्थ मेंबर आहेत का?" एवढंच विचारलं. तात्यांचा आवाज ऐकून मी आतून बाहेर आले होते. मी माफी मागितली, पुढच्या दहा मिनिटांत ती खोली आवरून दिली. त्यांनी संध्याकाळी साखळीकडे तक्रार केली. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. तापलेलं मूल सोफ्यावर आणि ज्याचा काही हक्क नाही असा माणूस गादीवर. त्यांच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं.

स्नेहलला मी आत बोलावलं.

"का केलंस?"

"मॅडम, खोली चार वाजेपर्यंत त्यांचीच होती ना? साहेब सकाळीच गेले. त्यांचा मान शिल्लक होता."

"अगं, तो साहेबांचा. त्यांच्या वडिलांचा नव्हे. कार्डावर एकाचंच नाव असतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले. "मान एकट्या माणसाचा कसा असेल? आमच्यात तो घराचा असतो. थोरला मुंबईला असला तर धाकटा मानाचा नारळ घेतो. कोणीच नसलं तर म्हातारी घेते. पालखी काय परत जाते?"

"आणि ती आजारी मुलगी?"

यावर मात्र तिचे डोळे भरले. "खोली दिल्यावर आले ते. झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवू कशी? मनात सारखं येत होतं मॅडम, पण उठवू कशी?"

साखळीच्या विभागीय अधिकाऱ्याने व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या हिशेबात प्रकरण सोपं होतं. सदस्याची सवलत सदस्य नसलेल्याला दिली, त्यासाठी संगणकावर खोली भरलेली ठेवली आणि दुसऱ्या सदस्याला डावललं. नोकरीवरून काढावं, अशी त्यांची शिफारस. मी स्नेहलचं काम, तिच्याबद्दल पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय, सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मॅम, एकच प्रश्न आहे. मेंबरने परवानगी दिली होती का? त्यांनी तसं लेखी दिलं तर वडील हे त्यांचे पाहुणे ठरतात. मग केस वेगळी."

तोवर स्नेहलला काउंटरवर उभं करायचं नाही, असा हुकूम आला. मी तिला चादरी-टॉवेलच्या कोठारात पाठवलं. मालक म्हणाले, "ताई, तुम्ही फार ताणू नका. बोर्ड त्यांचा आहे."

मी कळंबे साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"पण मॅडम, मी तर तसं सांगितलं नव्हतं हो."

"माहीत आहे. तिने तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"हो म्हणालो असतो. विचारायचं काय त्यात, वडील आहेत."

"मग तेवढंच लिहून पाठवा."

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "त्यांच्या अटी मी वाचल्यात. सवलत दुसऱ्याला दिली असं मी लिहून दिलं तर माझं अकाउंट बंद करतील. मुलांना सुट्टीत पॉइंट्सवर फिरायला न्यायचं कबूल केलंय. बायको सहा महिने वाट बघतेय. मी बघतो, मॅडम."

'मी बघतो' हे वाक्य मी काउंटरवर इतकी वर्षं ऐकतेय आणि म्हणतेय, की त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. दिवस गेले, मेल आला नाही. स्नेहलचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. ती कोठारात टॉवेल मोजायची आणि संध्याकाळी मला न भेटता निघून जायची.

तात्या पुढच्या तारखेला आले. पिशवीत भलीमोठी पिवळी काकडी होती, स्नेहलसाठी आणलेली. काउंटरवर दुसरी मुलगी बघून त्यांनी मला विचारलं, "आमची पोरगी कुठं हाय?"

मी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. अपग्रेड, उपलब्धता असले शब्द न वापरता सांगितलं, तर फार वेळ लागला नाही. तात्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे झोपलो मी, नि घरी जायची ती?"

"तसंच म्हणावं लागेल."

त्यांनी खिशातून छोटा फोन काढला. कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून ते स्पीकर लावतात. त्यामुळे पुढचं मी, काउंटरवरची मुलगी आणि नाश्त्याहून परतणारे दोन साहेब, अशा सगळ्यांनी ऐकलं.

"सुभाष, तू त्या हाटेलात मोठा मानकरी हाईस ना रे?"

"तात्या, मी साइटवर आहे. संध्याकाळी बोलू का?"

"हाईस का नाय, तेवढं बोल."

"मानकरी कसला, कार्ड आहे एक..."

"कार्ड तर कार्ड. गावात मान आपल्या घरचा ना? शिमग्यात पालखी चुकून आधी दुसऱ्याच्या दारात गेली, तर गावकी दंड कुणाला करते?"

पलीकडून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"बोल की."

"आपल्याला."

"खांदा देणाऱ्या पोरांना?"

"नाय."

"का नाय?"

"ती नुसती वाहतात म्हणून."

"नारळ कोण घेतो?"

"आपण. तात्या, कळलं मला. पण हे गावकीसारखं नसतं हो. इथं..."

"इथं काय? इथं नारळ तुला नि दंड पोरीला? असला मान घरात आणू नको बाबा. मी पायरीवर बसेन कोर्टाच्या. माझी काय हाडं झिजायची राहिलीत?" आणि फोन बंद केला. मग माझ्याकडे वळून जरा शरमल्यासारखे म्हणाले, "बाय, मी जास्त बोललो काय गो? आमच्या गावात मानकऱ्याला सुख नाय. पालखी फिरून येईस्तो घरात चूल पेटत नाय, सगळा वेळ उपाशी. लोकांना नुसता नारळ दिसतो."

आमच्या योजनेत प्लॅटिनमने काय करायचं असतं, हे मी मनातल्या मनात शोधून पाहिलं. काही नाही. रात्री जमवायच्या, एवढंच.

कळंबे साहेबांनी त्याच दुपारी मेल पाठवला. प्रत मलाही आली. वडील त्या दिवशी खोलीत थांबले ते माझ्या संमतीने, कर्मचाऱ्याचा दोष नाही, जबाबदारी माझी, असं चार ओळींत स्वच्छ लिहिलं होतं. अटींचा बाऊ नाही, सबब नाही. मी तो स्नेहलला कोठारात जाऊन वाचून दाखवला. ती टॉवेलांच्या थप्पीवर बसली आणि पहिल्यांदा हसली.

निकाल दोन आठवड्यांनी आला. कळंबे साहेबांचा प्लॅटिनम दर्जा काढून घेतला. स्नेहलला लेखी ताकीद, आणि या हॉटेलातलं तिचं कंत्राट वाढवायचं नाही. मानकऱ्यालाही दंड आणि खांदा देणाऱ्यालाही. मी अधिकाऱ्यांना विचारलं, "लेखी आलं तर केस वेगळी, असं तुम्हीच म्हणाला होता." ते म्हणाले, "वेगळीच झाली ना मॅम. नाहीतर टर्मिनेशन होतं."

गोल्ड साहेबांना दिलगिरीखातर पॉइंट्स मिळाले. मुलगी बरी झाल्याचं कळवायला त्यांनी स्वतःहून फोन केला होता, तेव्हा बोलता बोलता मी त्यांना निकाल सांगितला. "मी कोणाची नोकरी घालवा असं लिहिलं नव्हतं," म्हणाले.

"नव्हतंच लिहिलं, सर," मी म्हटलं. मला त्यांच्यावर रागही काढता येईना.

महिनाअखेर स्नेहल गेली. महाडात तिने दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. एका दवाखान्यात, एका गाड्यांच्या शोरूममध्ये. सगळीकडे आधीच्या नोकरीबद्दल विचारलं जायचं आणि ती खरं सांगायची. खोटं बोल असं मी तिला सांगू शकत नव्हते. सुमनताई मात्र रोज सांगायच्या.

याच सुमारास हायवेच्या पलीकडच्या बाजूला, पोलादपूरच्या दिशेला, दुसऱ्या एका साखळीचं नवीन हॉटेल सुरू झालं. कळंबे साहेबांचं एमआयडीसीत पुन्हा काम निघालं, पण ते आमच्याकडे आले नाहीत. बाजारात भेटले तेव्हा ओशाळून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. त्या लोकांची एक सोय असते. दुसऱ्या साखळीत तुमचा जो दर्जा होता त्याचा पुरावा पाठवला की ते तोच दर्जा लगेच देतात. माझ्याकडे जुना स्क्रीनशॉट होता."

"म्हणजे तुम्ही परत प्लॅटिनम?"

"तिकडे त्याला वेगळं नाव आहे. पण तेच."

"आणि मुलांची सहल?"

"दिवाळीत जातोय."

मला राग आला नाही. त्यांनी मेल पाठवला होता, आणि पाठवला तेव्हा ही सोय त्यांना माहीत नसावी असं मी मानते. धंद्याची रीतच ती आहे. मोठा पाहुणा एका दारातून पडला तर दुसऱ्या दारात त्याच्यासाठी गादी घातलेली असते. आम्हीही तेच करतो. दुसऱ्या साखळीचं कार्ड दाखवणाऱ्या किती जणांना मी स्वतः एका दिवसात गोल्ड करून दिलंय.

मग एके दुपारी त्या नव्या हॉटेलच्या मॅनेजरचा मला फोन आला. स्नेहलने त्यांच्याकडे अर्ज केला होता आणि माझं नाव दिलं होतं. तिने मला आधी सांगितलं नव्हतं. वाईट काही सांगावं लागलं तर मला अवघड होऊ नये म्हणून, असं नंतर म्हणाली.

"बायोडेटा बरा आहे," ते म्हणाले. "पण ताकीद दिसतेय आणि कंत्राट वाढवलेलं नाही. आमच्याकडे अशा केसेस वर पाठवाव्या लागतात आणि वरून शक्यतो नाहीच येतं. काय झालं होतं?"

अशा वेळी बोलायची गुळगुळीत वाक्यं मला शंभर येतात. त्या दिवशी एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, "पाहुणा सकाळीच निघून गेला होता. खोली चार वाजेपर्यंत त्याची होती. त्याचे म्हातारे वडील उन्हातून आले, त्यांना तिने त्या खोलीत झोपू दिलं. पैसे घेतले नाहीत, काही लपवलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या पाहुण्याला खोली हवी होती, त्याला थांबावं लागलं. झालं ते एवढंच."

"पाहुणा मेंबर होता?"

"प्लॅटिनम."

"एक मिनिट. बॉयलरवाले कळंबे साहेब तर नव्हेत? तात्या म्हणजे त्यांचे वडील, टोपीवाले, मोठ्याने बोलतात ते?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पाहुण्याचं नाव सांगायचं नसतं.

"अहो, ते आमच्याकडेच असतात आता! मागच्या आठवड्यात तात्या नाश्त्याला आले होते. एका मुलीची नोकरी गेली म्हणून आमच्या वेटरलाच झापत होते, तो बिचारा घाबरला." ते हसले. मग त्यांचा आवाज एकदम बदलला, कामाचा झाला. "मॅडम, हे आधी सांगायचं ना. कळंबे साहेब आमचे सगळ्यांत मोठे मेंबर आहेत. त्यांच्या कंपनीची आणखी माणसं येणार आहेत. मग वर पाठवायची गरज नाही, मी माझ्या पातळीवर बघतो. सोमवारी पाठवा तिला."

मी आभार मानले आणि फोन ठेवला. मग स्नेहलला फोन लावला. तिने आधी बहिणीला ओरडून सांगितलं, मग परत फोनवर आली. श्वास लागला होता.

"मॅडम, माझ्या कामाबद्दल काय काय विचारलं त्यांनी?"

"विचारायची गरजच पडली नाही," मी म्हटलं.

ते ऐकून ती आणखी खूश झाली.